कोल्हापूरहून वाघाच्या जंगलात: सहल ठरवताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेला वाघ बघत आमची पिढी मोठी झाली. जिवंत वाघ मी पहिल्यांदा बघितला तो पस्तिशी ओलांडल्यावर, ताडोब्यात. त्यानंतर कधी घरच्यांना, कधी गल्लीतल्या शेजाऱ्यांना, कधी मैत्रिणींना घेऊन बऱ्याचदा जाणं झालं. दर वर्षी दिवाळी आणि मे महिना जवळ आला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे.

कोल्हापूरहून वाघ बघायचा तर कुठं जावं?

पहिल्यांदा जात असाल तर चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा. महाराष्ट्रात पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा, बोर आणि आपला सह्याद्री असे आणखी व्याघ्रप्रकल्प आहेत, पण नवख्या माणसाला वाघ दिसण्याची शक्यता ताडोब्यात सगळ्यात चांगली. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ नोंदले गेले आणि त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं. शेजारचं अंधारी अभयारण्य जोडून १९९५ साली त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला.

नागझिरा मला स्वतःला फार प्रिय आहे. झाडं उंच आणि गर्दी कमी. पण तिथं वाघासाठी जाऊ नका, जंगलासाठी जा. मेळघाट डोंगराळ आणि विस्तीर्ण, तिथं वाघ दिसणं अवघड. पेंच सुंदर आहे आणि नागपूरहून जवळ पडतं.

दक्षिणेला कर्नाटकात काबिनी, बंदीपूर ही जंगलंही आहेत. पुणे-बेंगळुरू महामार्ग आपल्या दारातून जातो, त्यामुळं गाडीनं जाणाऱ्यांना म्हैसूरची बाजू सोयीची वाटते. तिथं हत्ती नक्की दिसतात. वाघाचा भरवसा मात्र ताडोब्याइतका नाही.

आपल्या सह्याद्रीतही वाघ आहेत ना? मग चांदोली, दाजीपूर का नको?

वाघ आहेत, पण अगदी थोडे, आणि जंगल इतकं दाट की दिसणं जवळजवळ अशक्य. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्रप्रकल्प झाला. इथल्या वाघाचा माग बहुतेक वेळा कॅमेरा ट्रॅपमध्येच, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांतच लागतो. कर्नाटकातल्या काळी व्याघ्रप्रकल्पापासून तिलारी, राधानगरी करत चांदोलीपर्यंत जंगलाची एक पट्टी अजून टिकून आहे. त्या वाटेनं वाघ येतात-जातात. ती पट्टी रस्ते, खाणी आणि बांधकामांनी तुटली तर इथं बाहेरून कितीही वाघ आणून सोडले तरी ते टिकायचे नाहीत, याची काळजी कोल्हापूरकरांनी करायला हवी. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातली एक तरुण वाघीण चांदोलीत आणली गेली. म्हणजे ज्या जंगलात आपण वाघ बघायला जातो, तिथलीच एक लेक आता आपल्या डोंगरात नांदायला आली आहे.

दाजीपूरला मात्र जाच, आणि ताडोब्याच्या आधी जा. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य. कोल्हापुरातून दोन-अडीच तासांवर. सावराई सड्याच्या कडेला पहाटे गव्यांचा कळप धुक्यातून बाहेर येताना बघितला की जंगलात गप्प बसून वाट कशी बघायची ते मुलांना आपोआप कळतं. आपण त्याला सर्रास बायसन म्हणतो. तो बायसन नव्हे, गवा. जगातल्या रानटी गुरांमधला सगळ्यात धिप्पाड.

किती दिवस काढावेत आणि किती सफारी घ्याव्यात?

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. नागपूरपर्यंत आठशे किलोमीटर जायचंच आहे, तर ताडोबा, पेंच, नागझिरा तिन्ही करून येऊ, असा विचार जवळजवळ प्रत्येक जण करतो. मग सहा दिवसांत तीन मुक्काम बदलायचे, प्रत्येक जंगलात एक-दोन सफारी आणि उरलेला वेळ गाडीत. माणसं दमून येतात आणि एकाही जंगलाची ओळख होत नाही.

माझं सांगणं एकच आहे: एक जंगल, एकच मुक्काम, कमीत कमी चार सफारी. दोन सकाळच्या, दोन दुपारच्या. पहिल्या सफारीत डोळ्यांना सवय नसते, सगळं जंगल एकसारखं दिसतं. दुसरीत चितळ आणि सांबर वेगळे ओळखू येतात. तिसरीपर्यंत कुठल्या पाणवठ्यावर कोण आहे, कालचे ठसे कुठल्या दिशेनं गेले होते, हे तुमच्याही डोक्यात बसलेलं असतं. वाघीण पिल्लांसह एखाद्या नाल्यात बसली असेल तर ती दोन-तीन दिवस त्याच भागात सापडते, कारण सांबरासारखी मोठी शिकार झाली की ती पुरेपर्यंत वाघ तिथून फारसा हलत नाही. रोज जंगल बदलणाऱ्याच्या हाताला हा धागा लागतच नाही.

जाण्या-येण्याचे दिवस धरून सहा दिवसांची रजा पुरते.

कुठला महिना चांगला?

वाघ दिसावा हीच मुख्य इच्छा असेल तर एप्रिल आणि मे. पानगळ झालेली असते, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं आणि वाघाला तिथं यावंच लागतं. ऊन मात्र आपल्याकडचं नाही हे लक्षात ठेवा. कोल्हापुरात चाळीस झालं की आपण हैराण होतो. चंद्रपुरात मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा जातो.

ऊन सोसत नसेल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा घ्या. थंडी ओसरलेली, पळस फुलायला लागलेला आणि शाळा चालू असल्यानं गर्दीही कमी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवंगार असतं, पण गवत उंच आणि पाणी सगळीकडे, त्यामुळं वाघ दिसणं नशिबावर. नाताळचा आठवडा टाळाच.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं संरक्षित जंगल, बंद असतो. शिवाय दर मंगळवारी कोअरला सुट्टी असते. हा मंगळवार विसरून तिकिटं काढणारे दर वर्षी भेटतात.

कोअर आणि बफर म्हणजे काय? कुठलं गेट घ्यावं?

कोअर म्हणजे आतलं संरक्षित जंगल, बफर म्हणजे त्याभोवतीचा पट्टा, जिथं गावं आणि शेतीही आहे. ताडोब्याचा कोअर सव्वासहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणि बफर त्याहून बराच मोठा. वाघाला ही रेषा माहीत नसते. बफरमध्येही उत्तम साइटिंग होतं. चार सफारींपैकी तीन कोअर आणि एक बफर अशी विभागणी मला बरी वाटते.

कोअरची मोहर्ली आणि कोलारा ही दोन गेटं सगळ्यात प्रसिद्ध. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला. एकाकडून दुसरीकडे जायचं तर जंगलाला वळसा घालून मोठा फेरा पडतो. म्हणून ज्या गेटचं बुकिंग मिळेल त्याच बाजूला मुक्काम घ्या. आधी हॉटेल आणि मग सफारी हा क्रम उलटा आहे.

जायचं कसं?

रेल्वेनं जायचं तर आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस. कोल्हापुरातून दुपारी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वर्धा, नागपूर करत गोंदियाला जाते. ती चंद्रपूरला जात नाही. मोहर्लीला जायचं असेल तर वर्ध्याला उतरून जाम, वरोरा, भद्रावती असा गाडीनं अडीच-तीन तासांचा रस्ता. कोलाऱ्याला जायचं असेल तर नागपूरला उतरून उमरेड, भिवापूर, चिमूर. गाडीला उशीर होऊ शकतो, म्हणून पोहोचायच्या दिवशी सफारी ठेवू नका.

प्रवास लांबचा आहे, पण कंटाळवाणा नाही. आम्ही डब्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतो. मिरजेला उसाचा पट्टा असतो, दुसऱ्या दिवशी जाग येते तेव्हा खिडकीबाहेर कापसाची काळी जमीन. आपलं राज्य केवढं मोठं आहे ते त्या गाडीत बसून कळतं.

विमानानं जायचं तर पुण्याहून नागपूर. स्वतःच्या गाडीनं जायचं तर मिरज, सोलापूर, तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा. एका दमात रेटू नका, नांदेडला मुक्काम करा.

बुकिंग कसं आणि किती आधी करायचं?

वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन. सुट्ट्यांच्या तारखा हव्या असतील तर बुकिंग खुलं होताच करा, नाहीतर कोअरच्या जागा हातातून जातात. सफारी पक्की झाली की मुक्काम, मग रेल्वे.

बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर देता, तेच मूळ ओळखपत्र गेटवर दाखवावं लागतं. हे मी अनुभवातून सांगते. एकदा आम्ही कोल्हापुरातल्या एका एजंटकडून बुकिंग करून घेतलं होतं. त्यानं काकांच्या नावापुढं भलताच आधार नंबर टाकला होता. पहाटे साडेपाचला गेटवर ते लक्षात आलं. सत्तर वर्षांचे काका, गळ्यात दुर्बीण अडकवलेले, गेटच्या बाहेर बाकावर बसून राहिले आणि आमची जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, आत गेली. त्या दिवशी आम्हाला वाघीण दिसली, पण परत येऊन त्यांना ते सांगायला कुणाची जीभ उचलेना. तेव्हापासून बुकिंग मी स्वतः करते आणि पावतीवरचा प्रत्येक नंबर कार्डाशी ताडून बघते. एजंटकडून करून घेतलं तरी पावती आधी हातात घ्या, आणि त्यावर कोअर लिहिलंय की बफर तेही वाचा.

खर्चाचा अंदाज कसा बांधावा?

सफारीचा दर जिप्सीमागं असतो, माणशी नव्हे. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय ड्रायव्हर आणि गाईड. म्हणून सहा जणांचा गट जमवला की माणशी खर्च एकदम खाली येतो. चौघं असाल तर आणखी दोघांना बरोबर घ्या. प्रवेश, जिप्सीचं भाडं आणि गाईडचं मानधन हे तीन आकडे वेगळे विचारा, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. शनिवार-रविवारचे दर जास्त असतात.

काटकसर करायची तर मुक्कामावर करा, सफारीवर नको. मोहर्लीत एमटीडीसीचं निवासस्थान आहे आणि गावातल्या लोकांचे होमस्टेही आहेत. पहाटे पाचला उठून जाणाऱ्या माणसाला पोहण्याच्या तलावाचा उपयोग काय?

सफारीत नेमकं काय होतं? वाघ शोधतात कसा?

वाघ बहुतेक वेळा आधी ऐकू येतो, आणि तोही स्वतःच्या आवाजानं नाही. जिप्सी बंद करून गाईड कान देतो. चितळाचा बारीक तीक्ष्ण आवाज, माकडाचं खकरणं, सांबराचा ढाँक असा मोठा घुमणारा आवाज. याला तिथं सगळे कॉल म्हणतात. चितळ घाबरट, कशालाही ओरडतं. पण सांबर ओरडलं आणि ओरडतच राहिलं, की गाईड सावरून बसतो. सांबर उगाच बोलत नाही.

एका मे महिन्यातली दुपार सांगते. आई बरोबर होती, अडुसष्ट वर्षांची. पाणवठ्यापाशी तास झाला होता, सगळे घामानं निथळत होते. पलीकडे बांबूच्या कडेला एक सांबरी उभी होती. तिची शेपटी ताठ झाली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि मग तो ढाँक. गाईड कुजबुजला, "हलू नका भाऊ, येऊन राहिली." दोन मिनिटं काहीच नाही. मग बांबूमधून वाघीण निघाली, आमच्याकडे एकदाही न बघता पाण्यापाशी गेली, वळली आणि मागच्या पायांनी उलटी पाण्यात शिरून बसली. वाघ बऱ्याचदा असाच बसतो, तोंडावर पाणी उडू नये म्हणून. तिच्या पाठीवरून पाणी हळूहळू वर चढत होतं आणि तिनं डोळे मिटून घेतले होते. आईनं हात जोडले होते. पंचवीस मिनिटं जिप्सीत कुणी एक शब्द बोललं नाही.

गाईड आणि ड्रायव्हर बहुतेक आसपासच्या गावांतले असतात. त्यांना वाघाशिवाय बाकीचंही विचारा: मोहाचं झाड कुठलं, ऐन कुठला, धावडा कुठला, हा पक्षी कोण. विचारणारा पर्यटक भेटला की ते जीव तोडून दाखवतात. मोहर्लीकडून आत जाताना रस्त्याच्या कडेनं दगडी खांब दिसतात, ते गोंड राजांच्या काळातले. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे; वाघाशी झुंजताना मेलेल्या या गावप्रमुखाच्या नावावरूनच जंगलाला ताडोबा नाव पडलं, असं आदिवासी सांगतात.

मोबाइल आत नेता येत नाही, हे खरं आहे का?

खरं आहे, कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे. फोन मुक्कामावर ठेवून जा. बंदी योग्यच आहे: एकीकडे वाघ दिसला की फोनाफोनी होऊन सगळ्या जिप्स्या तिथं धावायच्या.

फोटो हवे असतील तर कॅमेरा न्या. तीनशे ते चारशे मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. जिप्सीत ट्रायपॉड चालत नाही; जाड कापडाच्या पिशवीत दोन किलो तांदूळ भरून शिवून घ्या आणि जिप्सीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. कॅमेरा नसेल तर दुर्बीण न्या. दोन्ही नसलं तरी चालतं.

कपडे आणि सामान?

खाकी, मातकट, फिका हिरवा. पांढरं आणि भडक नको, अत्तर नको. गंमत अशी की वाघाचा भगवा रंग हरणांना हिरवटच दिसतो, त्यांच्या डोळ्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. म्हणून एवढं उठून दिसणारं जनावर गवतात लपून जातं.

हिवाळ्यात पहाटे उघड्या जिप्सीत बोचरी थंडी असते. कानटोपी, हातमोजे, जाड स्वेटर लागतात, घरातली एक सोलापुरी चादर असेल तर उत्तम. उन्हाळ्यात सुती पंचा ओला करून डोक्याला बांधा, ओआरएसची पाकिटं आणि माणशी दोन लिटर पाणी ठेवा. धूळ भयंकर उडते, नाकातोंडाला रुमाल हवा.

आजी-आजोबांना आणि लहान मुलांना न्यावं का?

न्यावं. आजी-आजोबांना जिप्सीच्या पुढच्या रांगेत बसवा, मागच्या बाकावर धक्के जास्त बसतात. मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एक सफारी साधारण चार तासांची, आणि मध्येच उतरता येत नाही, तेव्हा स्वच्छतागृहाला गेटवरच जाऊन घ्या. रोज दोन्ही वेळा त्यांना ओढू नका. सकाळची करून दुपारी त्यांना आराम द्या.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना चार तास गप्प बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. सात-आठ वर्षांची मुलं मात्र मोठ्यांपेक्षा चांगली बघतात. त्यांच्या हातात वही द्या आणि दिसलेलं प्रत्येक जनावर, प्रत्येक पक्षी लिहायला सांगा.

जिप्सी उघडी असते. वाघ अंगावर येत नाही का?

जिप्सीत बसून, शांत राहून, नियम पाळून बघणाऱ्याला घाबरण्याचं कारण नाही. तिथल्या वाघांना गाडी लहानपणापासून ओळखीची असते. उभं राहून आरडाओरडा करणं, हात बाहेर काढणं, खाली उतरणं या गोष्टी मात्र कधीही करायच्या नाहीत.

खरा धोका कुणाला आहे तेही सांगायला हवं. मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे पायी जंगलात जाणाऱ्या बायका-पुरुषांना. वाकून पानं खुडणाऱ्या माणसावर वाघाचे हल्ले होतात, चंद्रपूर जिल्ह्यात दर वर्षी माणसं जातात. आपण ज्या वाघाचे फोटो घरी आणतो त्याच्या शेजारी ही माणसं वर्षभर राहतात. म्हणून गावातल्या कुणाशी बोलताना "तुमची काय मजा, रोज वाघ बघता" असं चुकूनही म्हणू नका.

ड्रायव्हरला वाघाच्या जवळ घ्यायला सांगावं का?

नाही. त्याला नियम माहीत असतात, आणि पर्यटकांच्या हट्टापायी मोडले तर शिक्षा त्यालाच होते. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्स्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. आपल्या जिप्सीत कुणी "घे की अजून पुढं" म्हणालं तर त्याला तिथल्या तिथं गप्प करा, तो आपला भाऊजी असला तरी.

मंगळवारी किंवा मोकळ्या वेळात काय करावं?

वर्ध्याजवळ सेवाग्राम आहे, वरोऱ्याला बाबा आमटेंनी १९४९ साली उभं केलेलं आनंदवन. दोन्ही वाटेतच पडतात, दोन्हींना अर्धा-अर्धा दिवस द्या. चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आणि महाकालीचं देऊळ. चैत्रात तिथं मोठी यात्रा भरते. अंबाबाईच्या गावच्या माणसाला त्या देवळात परकं वाटत नाही.

जेवणाचं काय?

तांबडा-पांढरा मिळणार नाही. सावजी रस्सा मिळेल, तो आपल्यापेक्षा काळा आणि जहाल. सफारीच्या आदल्या रात्री तो खाऊ नका, दुसऱ्या दिवशी चार तास जिप्सीत बसायचं असतं. मुक्कामावर साधी पोळी-भाजी, वरण-भात सांगा. सकाळच्या सफारीत उकडलेली अंडी किंवा पराठे डब्यात बांधून देतात. जिथं खायची परवानगी आहे तिथंच डबा उघडा आणि कागदाचा कपटाही मागं ठेवू नका. परतीच्या गाडीत बसण्याआधी नागपूर स्टेशनाबाहेर तर्री पोहे खाऊन घ्या.